तोंडाकडे न बघता

तिला सगळे पळी म्हणत. अंगाने काडी, वर कुरळ्या केसांचा हा एवढा गोळा, आणि कुठे काही शिजत असलं की सगळ्यांच्या आधी भांड्यात हीच. नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते बिचारं तिथेच राहिलं.

पळी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. एक पदवी झाली, दुसरी झाली, आणि आता ती संशोधन करत होती, म्हणजे नातेवाइकांच्या भाषेत 'अजून शिकतेच आहे'. थोरल्या बहिणीबरोबर, ताईबरोबर, ती एका लाँड्रीच्या वर दोन खोल्यांत राहायची. लाँड्री ताईची. दिवसभर खाली इस्त्र्यांची वाफ निघायची आणि जिन्यावाटे वर यायची, त्यामुळे त्यांच्या घरात पापड ठेवला तर तो तासाभरात रुमाल व्हायचा.

आता एवढं शिकणाऱ्या मुलीने गुपचूप शिकावं की नाही? पण पळीला स्वस्थ बसवतच नसे. शनिवारी दुपारी तिच्याकडे जेवणाची बैठक असायची. तिथे काय खायचं याला एकच अट, की ते आधी कुणी खाल्लेलं नसावं. तळलेले नाकतोडे झाले, गोगलगायी झाल्या, निळी बुरशी चढलेलं चीज झालं, बरणीत महिनोन् महिने कुजवलेले मासे झाले. त्या माशांच्या दिवशी खालच्या एका गिऱ्हाइकाने आपला धुतलेला कोट परत धुवायला दिला होता. ताईने पळीला जे काय सुनावलं ते अख्ख्या गल्लीने ऐकलं.

या बैठकीचा दुसरा नियम पळीने स्वतः केला होता आणि तो मोडणाऱ्याला ती पुढच्या शनिवारी दारातही उभं करत नसे. पहिला घास घेताना प्रत्येकाने आपल्या ताटलीकडे बघायचं. दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. घास गिळून झाला की आपलं मत सांगायचं, मग खुशाल भांडायचं.

"का पण?" असं तिच्या प्रयोगशाळेतल्या सोबत्याने, जाड्याने, पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"कारण माणसं जिभेने खातच नाहीत," पळी म्हणाली. "शेजारच्याने तोंड वाकडं केलं की आपल्यालाही कडू लागतं. मला तुझं मत हवंय जाड्या, तुझ्या शेजाऱ्याचं नको."

हे तिचं वेडच होतं. रविवारी ती मोटारींच्या गॅरेजवरच्या पोटमाळ्यात नाटकं बघायला जायची. तिथे खुर्च्या मोडक्या, दिवे दोन, आणि नटांच्या पायाखालून मधूनच हातोड्याचे ठोके. पण पळी अर्धं नाटक बघायची आणि अर्धे प्रेक्षक. एखादं वाक्य आलं की लोक आधी शेजारी बघायचे आणि मग हसायचे, हे तिने पकडलं होतं. म्हणून तिला हसू आलं की ती एकटी, सगळ्यांच्या आधी, खो खो हसायची. नटांना ती फार आवडायची. बाकीच्यांचं माहीत नाही.

आणि तिसरं वेड नगरसभेचं. सभागृहाच्या वरच्या सज्जात कुणीही जाऊन बसावं असा कायदा होता, पण बसायचं कोण? पळी बसायची. मोठ्या बाजारात दिवसभर उभं राहून विकणाऱ्या बायकांसाठी एक स्वच्छतागृह बांधावं, एवढ्या एका मागणीसाठी ती आणि बाजारातल्या काही जणी सभेमागून सभा त्या सज्जात ठाण मांडत होत्या. मतदानाची वेळ आली की खालचे सभासद पुढच्या बाकावरच्या एका टकल्या पुढाऱ्याच्या तोंडाकडे बघत. त्याचा हात वर गेला की ह्यांचे हात वर. एकदा पळीला राहवलं नाही. ती कठड्यावर वाकून ओरडली, "हरकत आहे! त्यांच्या तोंडाकडे काय बघताय, समोरच्या विषयाकडे बघा!" शिपायांनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं. बाजारातल्या बायकांनी बाहेर टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्या सभेला पळी पुन्हा तिथेच.

ह्या सगळ्याची खबर तिच्या मार्गदर्शक बाईंना लागायचीच. त्यांना सगळे मॅडम म्हणत. मॅडम म्हणजे शिस्तीचं दुसरं नाव. त्या पळीला म्हणाल्या होत्या, "शनिवारी खाणं, रविवारी नाटक, सोमवारी सभा. मंगळवारी वेळ मिळाला तर विज्ञान, असंच ना?"

"मंगळवार ते शुक्रवार विज्ञान, मॅडम. शनिवारीही विज्ञानच, फक्त खाता येतं," पळी म्हणाली. मॅडम हसल्या नाहीत. पण त्यांनी तिला ठेवून घेतलं, कारण पळीचा हात चांगला होता आणि हे त्यांना कळत होतं.

मॅडमची कीर्ती होती ती त्यांच्या नाकाची. प्रयोगशाळेच्या दारावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक पाटी लावली होती: नाक हे पहिलं उपकरण. पाहुणे आले की मॅडम बिनचिठ्ठीची बाटली उचलायच्या, बूच काढून तोंडावरून हात फिरवायच्या आणि आत काय आहे ते सांगायच्या. पाहुणे थक्क व्हायचे. प्रयोगशाळेचे दोन भाग होते. एक ओली बाजू, जिथे खरोखरची रसायनं, काचेची भांडी आणि विषारी वाफा ओढून घेणारी काचेची कपाटं होती. त्या कपाटांना सगळे हूड म्हणत. दुसरी कोरडी बाजू, म्हणजे संगणकांची खोली. नाकाची तक्रार असलेल्या एका वरच्या वर्गातल्या मुलाला मॅडमनी एका दिवसात कोरड्या बाजूला पाठवलं होतं. "गळती लागली आणि तुला कळलं नाही तर? तू मरशीलच, दुसऱ्यांनाही मारशील." वाद संपला. त्याला नंतर सगळे 'कोरडा' म्हणत आणि तोही हसून घ्यायचा, पण भांडी धुण्याच्या निमित्ताने ओल्या बाजूला येऊन उभा राहायचा.

आणि मग त्या थंडीत पळीला ताप आला. आठवडाभर ती अंथरुणाला खिळली. ताप उतरला, भूक आली, आणि ताईने वाफाळती कॉफी पुढे ठेवली. पळीने घोट घेतला. गरम होतं, कडू होतं, आणि बाकी काहीच नव्हतं.

तिला वाटलं, सर्दी आहे, जाईल. सर्दी गेली. वास आला नाही. साबण, घासलेट, लसूण, ताईच्या लाँड्रीतली गरम सुती कापडं, सगळं एकजात कोरं. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित. कदाचित नाही. वाट बघा.

ताईला कळलं ते एका भलत्याच कारणाने. ती दुकानात पळीला बसवून शेजारी गेली होती. परत येते तर इस्त्री टेबलावर आडवी, खाली कुणाचा तरी पांढरा सदरा करपून काळा होतोय, आणि पळी हातभर अंतरावर निवांत पुस्तक वाचतेय.

"अगं, वास नाही आला तुला?" ताई किंचाळली.

पळीने पुस्तक मिटलं. "नाही आला," ती म्हणाली. "कसलाच येत नाही." आणि मग ती रडली. ती सहसा रडणाऱ्यांतली नव्हती, त्यामुळे ताईला काय करावं ते कळेना. तिने आधी इस्त्री उचलली, मग बहिणीला जवळ घेतलं.

"मॅडमना सांग," ताई म्हणाली.

"सांगितलं की मी कोरड्या बाजूला. काचेला हात लावायचा नाही पुन्हा. नाही सांगणार."

एवढंच पणाला लागलं होतं, पण पळीच्या लेखी ते सगळंच होतं. तिला हाताने करायचं रसायनशास्त्र हवं होतं. द्रवाचा रंग पालटताना बघायचा होता, काचेच्या कांडीला चिकटलेला स्फटिक खरवडायचा होता. म्हणून ती लपवू लागली.

लपवायचं कसं, तर ती शिकली. काही वास नाकाला चावतात. अमोनिया चावतो, कडक आम्लं टोचतात, डोळ्यांत पाणी आणतात, ते तिला कळत. ते नुसत्या वासाचं काम नसतंच. बाकीच्या वेळी ती इतरांच्या तोंडाकडे बघायची. जाड्याने नाक मुरडलं की हीही मुरडायची. कुणी 'अहाहा' केलं की हीही मान डोलवायची. शनिवारची बैठक तिने बंद केली नाही, उलट हट्टाने वाढवली. कुरकुरीत काय, बुळबुळीत काय, जिभेला आग लावणारं काय, असं शोधून शोधून आणायला लागली. पण पहिल्या घासाला, स्वतःच केलेल्या नियमाला हरताळ फासून, ती पापण्यांआडून जाड्याच्या तोंडाकडे बघायची आणि मग मत द्यायची.

याची तिला इतकी लाज वाटायची की सांगता सोय नाही. सज्जातून ओरडणारी ती हीच! टकल्या पुढाऱ्याकडे बघून हात वर करणाऱ्यांत आणि आपल्यात आता फरक काय उरला, असं तिला वाटायचं. पोटमाळ्यातल्या नाटकालाही ती एकदा शेजाऱ्यानंतर हसली आणि मध्यंतरातच उठून घरी आली.

एक गोष्ट मात्र तिने चोख केली. तिच्या कामात एक वायू सुटण्याची भीती असायची. सडक्या अंड्यासारखा वास येणारा, आणि जास्त झाला तर जीव घेणारा. शिशाच्या क्षारात भिजवलेली कागदाची पट्टी ह्या वायूने काळी पडते. हे जुनं, शाळकरी ज्ञान. आजकाल कोण वापरतं? पळी वापरायची. तिने पट्ट्या कापल्या, भिजवल्या, वाळवल्या आणि आपल्या हूडच्या काचेला, टेबलाच्या कडेला, खिडकीच्या चौकटीला चिकटवल्या. जाड्या म्हणाला, "पळे, तू काय कपडे वाळत घातलेस का इथे? लाँड्रीवालीची बहीण शोभतेस." तिने त्याला भीक घातली नाही.

मग ती दुपार आली. जाड्या शनिवारी काय आणायचं यावर बोलत होता, आणि बोलता बोलता त्याने हातातलं टाकाऊ आम्ल चुकीच्या कॅनमध्ये ओतलं. शेजारी शेजारी ठेवलेले दोन सारखे पांढरे कॅन, आणि ज्यात ते ओतायचंच नव्हतं त्यातच गेलं. आतून फसफस झाली. ओल्या बाजूच्या सगळ्यांनी एकदम नाकं दाबली. पळीने ती बघितली आणि आपलंही दाबलं.

आरडाओरडा ऐकून मॅडम केबिनमधून बाहेर आल्या. त्या दारात थबकल्या. त्यांनी आधी जाड्याच्या तोंडाकडे बघितलं. मग पळीच्या. त्याच क्षणी पळीही मॅडमच्या तोंडाकडे बघत होती. दोघींची नजर मध्येच भेटली, आणि त्यानंतर, अगदी त्यानंतर, मॅडमनी नाक मुरडलं.

पळीने ते टिपलं. ही चोरी तिच्या ओळखीची होती. बाकी कुणाला दिसली नसती, कारण बाकी कुणी ती करत नव्हतं.

"खिडक्या उघडा! कॅन हूडमध्ये ठेवा, पंखा चालू!" मॅडमचा आवाज नेहमीसारखाच कडक होता. जाड्याने धावत सगळं केलं. हूड घरघरू लागला. सगळे खिडक्यांशी उभे राहिले. थोड्या वेळाने एक जण म्हणाला, "गेला वास." दुसऱ्याने हुंगून बघितलं. "हो, गेला." जाड्याने छाती भरून श्वास घेतला. "काहीच नाही आता."

मॅडमनी मान वर करून हुंगलं. "गेला. चला, कामाला लागा."

पळीची नजर हूडच्या काचेवर गेली. तिथली पट्टी तपकिरी होती आणि बघता बघता काजळासारखी काळी झाली. मग टेबलाच्या कडेची. मग खिडकीवरचीही कडेने काळी पडू लागली.

आता ही गोष्ट त्या खोलीतल्या प्रत्येकाला पहिल्या वर्षी शिकवलेली होती, परीक्षेत सगळ्यांनी लिहिलेली होती: हा वायू वाढला की आधी नाकच बधिर करतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं नाही. पण ज्यांचं नाक शाबूत असतं ते पुस्तकापेक्षा नाकावर विश्वास ठेवतात. आणि वर हूडची ती घरघर, कानालाही धीर देणारी.

"बाहेर!" पळी ओरडली. "सगळे बाहेर व्हा! आत्ताच्या आत्ता!"

"कोण ओरडतंय?" मॅडम म्हणाल्या. "मला काही वास येत नाहीये."

"मलाही येत नाही. पण पट्टी काळी आहे!" तिने जाड्याला दोन्ही हातांनी ढकललं, मॅडमच्या दंडाला धरलं, आणि सज्जातून तिला शिपायांनी काढलं होतं तसं तिने मॅडमना दाराबाहेर काढलं.

जिन्यावर जाड्याला भडाभडा ओकारी झाली. त्याचे डोळे लाल झाले होते. सुरक्षा अधिकारी मुखवटा घालून आत गेले आणि यंत्र लावून परत आले तेव्हा त्यांचं तोंड उतरलं होतं. हूडची मोटार नुसतीच घरघरत होती, पंख्याचा पट्टा तुटला होता. वायू बाहेर ओढला जातच नव्हता. "अजून थोडा वेळ थांबला असतात..." ते म्हणाले. मग त्यांनी पळीला विचारलं, "ह्या पट्ट्या कुणी लावल्या?"

"मी."

"का?"

पळी जाड्याकडे बघत होती. तो पायरीवर डोकं धरून बसला होता, तिचा शनिवारचा सोबती. आणि तिला एकाएकी स्वतःचा, आपल्या लपवालपवीचा, सगळ्याचाच संताप आला.

"कारण मला वास येत नाही," ती मोठ्याने म्हणाली. "थंडीपासून येत नाही. मी लपवलं."

दुसऱ्याच दिवशी तिला विभागप्रमुखांच्या खोलीत हजर राहण्याचा निरोप आला. प्रमुख, सुरक्षा अधिकारी आणि मॅडम बसणार होत्या. विषय एकच, पळीला ओल्या बाजूला ठेवायचं की नाही.

ताई तिचा सदरा इस्त्री करत होती. "मान खाली घाल, माफी माग आणि मोकळी हो," ती म्हणाली.

"लपवलं त्याची मागेन. नाक गेलं त्याची कशाला मागू? मी काय ते विकून खाल्लं?"

मग तिने ताईला मॅडमचं सांगितलं. ती दारातली नजर. आणि नंतर रात्रभर विचार करताना जुळलेलं बाकीचं. मॅडम पाहुण्यांसमोर ज्या बाटल्या हुंगायच्या त्या नेहमी चावणाऱ्याच असायच्या. फुलाचा, फळाचा वास असलेली बाटली त्यांनी कधीच उचलली नव्हती.

ताईची इस्त्री थांबली. "मग सांग ना सगळ्यांना! तुला बाहेर काढायला निघालीय ती, आणि स्वतः?"

"मी कोण सांगणारी? कोरड्या बाजूला पाठवायला मी काय मॅडम आहे?" पळी म्हणाली. पण तिने स्वयंपाकाच्या फळीवरची केकमध्ये घालायची व्हॅनिलाची छोटी बाटली उचलली आणि खिशात टाकली. ताईने ते बघितलं. व्हॅनिला चावत नाही, टोचत नाही, डोळ्यांत पाणी आणत नाही. वास आला तर आला, नाही तर बाटलीत पाणीच आहे असं वाटतं. पळीला हे फार चांगलं माहीत होतं.

प्रमुखांच्या खोलीत लांब टेबल होतं. प्रमुख मऊ बोलले. तिने सगळ्यांना वाचवलं हे खरं, विभाग आभारी आहे. पण नियम म्हणजे नियम. संगणकाच्या बाजूलाही उत्तम काम चालतं. मॅडम समोर ताठ बसल्या होत्या. "ज्याला वास येत नाही त्याने ओल्या बाजूला काम करू नये," त्या म्हणाल्या. "मी हे आधी दुसऱ्या मुलाच्या बाबतीत केलंय. तिला वेगळा न्याय देता येणार नाही."

"हरकत आहे," पळी म्हणाली.

प्रमुख दचकले. त्यांच्या खोलीत हा शब्द बहुधा पहिल्यांदाच उच्चारला गेला होता.

"लपवलं ही माझी चूक. माफी मागते, मनापासून. जाड्याला काही झालं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं. पण नियम कुठला चाललाय? वास येतो तो सुरक्षित, असाच ना? काल त्या खोलीत नाकवाले सगळे म्हणत होते, वास गेला. सगळ्यांची नाकं धडधाकट होती आणि सगळे मरायला उभे होते. मला कोरड्या बाजूला पाठवाल, माझ्याबरोबर माझ्या पट्ट्याही जातील, आणि उद्या पुन्हा कुणीतरी हुंगून म्हणेल, चला, कामाला लागा. नियम करायचाच असेल तर सगळ्यांना एक करा. नाकावर कुणीच विसंबायचं नाही. आणि नसेल करायचा, नाकावरच माणसं निवडायची असतील, तर मग सगळ्यांची नाकं तपासा. आत्ता. इथेच."

तिने खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली.

पळीने मॅडमकडे बघितलं. मॅडमची नजर बाटलीवरून हलत नव्हती. बाटली आधी त्यांच्याकडे सरकवली की खेळ खलास, हे दोघींनाही कळत होतं. पळीचा हात क्षणभर बुचावर राहिला. खरं सांगायचं तर तिला मोह झाला. त्या कोरड्या मुलाची आठवण झाली, भांडी धुवायच्या निमित्ताने उभा राहणारा. मग तिने बाटली उघडली आणि प्रमुखांकडे दिली.

"वा! केक," प्रमुख हुंगून म्हणाले. सुरक्षा अधिकाऱ्यांनी घेतली. "व्हॅनिला." पळीने घेतली. "मला पाणी," ती म्हणाली. "मी महिनोन् महिने तुमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघून नाक मुरडत होते. आता नाही मुरडणार. काय व्हायचं ते होऊ दे."

आणि तिने बाटली मॅडमसमोर ठेवली. उत्तर दोनदा मोठ्याने सांगून झालं होतं. मॅडमना आता नुसती मान डोलवायची होती.

मॅडमनी बाटली उचलली. त्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही. डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. मग पुन्हा घेतला. एवढा वेळ की प्रमुख खुर्चीत चुळबुळू लागले.

"पाणी," मॅडम म्हणाल्या. "मलाही पाणीच. बरीच वर्षं झाली."

प्रमुख हसले. त्यांना वाटलं, मॅडम कधी नव्हे ते विनोद करतायत. मग त्यांनी मॅडमचे डोळे बघितले आणि हसू तोंडातच राहिलं. मॅडम उठल्या. "मला कोरड्या बाजूला पाठवायचं असेल तर पाठवा. हिला जागेवर राहू द्या. आणि त्या मुलाला मीच परत बोलावणार आहे. त्याला काय सांगायचं ते मला अजून कळत नाहीये."

कुणी कुठे गेलं नाही. हूडचे पट्टे बदलले, प्रत्येक काचेवर पट्ट्या लागल्या, वायू मोजणारं यंत्र भिंतीवर आलं. दारावरची पाटी मॅडमनी स्वतः खुर्चीवर चढून काढली. कोरडा मुलगा परत आला आणि पहिल्याच दिवशी त्याने एक काचेचा चंबू फोडला. त्याला कुणी रागावलं नाही.

आणि शनिवारी दुपारी लाँड्रीवरच्या जिन्यात मॅडमची पावलं वाजली. ताई त्यांना खुर्ची पुसून देताना चार वेळा 'बसा ना' म्हणाली. जाड्याने त्या दिवशी एक काटेरी फळ आणलं होतं, ज्याच्या वासामुळे बसवाल्याने त्याला मध्येच उतरवलं होतं. ताईने खिडक्या उघडल्या आणि नाकाला पदर लावला. पळीने मोठ्या सुरीने फळ फोडलं आणि पिवळ्या मऊ फोडी ताटल्यांत वाढल्या. नियम सांगितला. पहिला घास, आपली ताटली.

मॅडमनी फोड तोंडाशी नेली. आणि सवयच ती, त्यांची नजर हळूच वर आली आणि पळीच्या तोंडावर येऊन थांबली.

"मॅडम, इकडे नका बघू," पळी म्हणाली. "मलाही काही कळत नाहीये. खा."

मॅडमनी ताटलीकडे बघितलं आणि खाल्लं. बराच वेळ चघळलं.

"गोड आहे," त्या म्हणाल्या. "गोड, आणि घट्ट दुधाच्या सायीसारखं. छान आहे. मला आवडलं."

"छान?" पळीने फोड ताटलीत आपटली. "ओला साबण आहे हा, मॅडम. साखर घातलेला ओला साबण!"

"तुला चव नाही," मॅडम म्हणाल्या.

"हरकत आहे," पळी म्हणाली.